एक्केचाळीस की एकोणपन्नास?

दोस्तांनो, आज आधी एक छोटीशी परीक्षा. घड्याळ लावा आणि घरातल्या मिक्सरचं हमीपत्र शोधून आणा. पाच मिनिटांत सापडलं तर घर हुशार. अर्ध्या तासानं आजी देव्हाऱ्यामागे बघतेय, आई गादीखाली बघतेय आणि बाबा "मी इथंच ठेवलं होतं" म्हणताहेत, असं झालं तर आजचा लेख तुमच्यासाठीच आहे. आई-बाबांनाही वाचायला द्या.

मागच्या खेपेला आपण पाने, पक्कड, हातोडीसाठी भिंतीवरची पाटी केली होती. आज त्याच वर्कशॉपमधल्या कागदांकडे वळू. "वर्कशॉपमध्ये कसले आले कागद?" असं मलाही वाटायचं. गेल्या जानेवारीत माझं मत बदललं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रीकाकांचं वर्कशॉप आहे. ते पंपाच्या मोटरी भरतात. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना 'मोटर भरणं' म्हणजे काय ते सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी सांगतो. विहिरीवरची मोठी मोटर थ्री-फेजवर चालते, म्हणजे तिला तीन तारांतून वीज मिळते. मोटर चालू असताना त्यातली एक तार बंद पडली, तर मोटर लगेच थांबत नाही. ती उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढत राहते, तापते, आणि शेवटी आतल्या तांब्याच्या तारेवरचा लेप जळून जातो. मग ती सगळी जळकी तार काढून नवी भरावी लागते.

ही तार कशीही भरून चालत नाही. मोटरीच्या आत पातळ लोखंडी चकत्यांचं एक नळकांडं असतं आणि त्याला आतून खाचा असतात. एखाद्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीत अशा छत्तीस खाचा सापडतील. या खाचांत तांब्याच्या गुंडाळ्या बसतात. तार किती जाडीची, एका गुंडाळीत वेढे किती, पहिल्या खाचेतून निघालेली गुंडाळी कितव्या खाचेत उतरते, शेवटी टोकं कशी जोडायची, हे सगळं ठरलेलं असतं. वेढे कमी पडले तर मोटर रिकामी फिरतानासुद्धा जास्त करंट खाते आणि तापते. वेढे जास्त झाले तर तिचा जोर कमी होतो आणि पाण्याचा भार आला की ती दम तोडते. म्हणून मिस्त्री जुनी तार उपसताना वेढे मोजतो आणि डायरीत लिहून ठेवतो. दिसायला ती एखाद्या कंपनीनं दिवाळीला वाटलेली साधी डायरी असते, पण मिस्त्रीची सगळी कमाई तिच्यात असते.

तर त्या जानेवारीत देवळीच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरीभाऊ मोटर घेऊन आले. मोटर कसली, रिकामं नळकांडंच! त्यांनी आधी ती दुसरीकडे भरायला टाकली होती. तिथे जुनी तार उपसली गेली, तांबं मोडीत गेलं, आणि पुढे काम काही झालं नाही. वेढे मोजायला काही शिल्लकच नव्हतं.

"मिस्त्री, गहू ओंबीवर आला," शेतकरीभाऊ म्हणाले. "आता पाणी नाही भेटलं तं दाणा भरत नाही. समदं वाया जाईन."

काकांनी मोटर फिरवून पाहिली. बुडाशी त्यांच्याच हातची पांढऱ्या रंगातली खूण होती, आणि तिच्याखाली २०१७. म्हणजे ही मोटर त्यांनीच पूर्वी एकदा भरली होती. काकांचा चेहरा खुलला. २०१७ ची डायरी काढली की काम झालं!

डायऱ्या अकरा सापडल्या. काही खिळ्याला टांगलेल्या, काही वार्निशच्या डब्यामागे, एक तर चक्क चहाच्या कपांखाली. २०१५ ची होती, २०१६ ची होती, २०१८ चीही होती. फक्त २०१७ ची नव्हती.

काकांची मुलगी आठवीत आहे आणि पुतण्या सहावीत. शनिवारची शाळा सुटल्यावर दोघंही शोधायला लागली. पुतण्या म्हणाला, "काका, मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा ना!" काका काही बोलले नाहीत. ताईनं हळूच सांगितलं, की फोटो काढलेला होता, पण तो मोबाईल मागल्या वर्षी पाण्याच्या टाकीत पडला.

"अंदाजानं भरता नाही येत का?" मी विचारलं.

"येते ना," काका म्हणाले. "लोखंडाची मापं घेऊन हिशेब काढता येते. पण अंदाज चुकला तं मोटर त्यांची जळन, पीक त्यांचं सुकन, अन् नाव माझं जाईन."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, ताईला ती सापडली. कुठे, ओळखा पाहू? ड्रिल मशीनच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. टेबल डुगडुगू नये म्हणून कुणीतरी त्याखाली घडी करून काहीतरी सरकवलं होतं. तीच २०१७ ची डायरी! ड्रिलचं तेल वर्षानुवर्षं तिच्यावर ठिबकत होतं.

पान मिळालं. ३६ खाचा, तार २० नंबर, गुंडाळ्या १८, पल्ला १ ते ८, १ ते १०, १ ते १२. सगळं वाचता येत होतं. फक्त वेढ्यांच्या जागी बॉलपेनची शाई तेलात पसरली होती. ४ स्पष्ट होता. त्यापुढचा आकडा १ होता की ९? आपल्या देवनागरी आकड्यांत या दोघांचं गोत्र किती जवळचं आहे, ते तुम्ही गणिताच्या पेपरात अनुभवलं असेलच. एक्केचाळीस की एकोणपन्नास? काका चष्मा लावून, चष्मा काढून, पान उन्हात धरून बघत राहिले.

आता खरी मजा ऐका. पानाच्या तळाशी काकांनी आणखी एक ओळ लिहिली होती: तांबे २ किलो ६००. किती तार लागली ते गिऱ्हाइकाच्या बिलासाठी टिपलं होतं, एवढंच. ताईची नजर तिथे गेली. गुंडाळ्या अठरा. लहान, मधली, मोठी अशा तीन-तीनचा एक गट, म्हणजे एकूण सहा गट. २६०० भागिले ६, आले सुमारे ४३३. म्हणजे तीन गुंडाळ्यांचा एक गट ४३३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा!

काकांनी साच्यावर एक्केचाळीस वेढ्यांचा एक गट गुंडाळला. पुतण्या तो घेऊन शेजारच्या किराणा दुकानात पळाला, कारण काट्यावर ग्रॅम नीट कळणार होते. आला तो ओरडतच: "चारशे तीस!" हाच गट एकोणपन्नास वेढ्यांचा असता तर किती भरला असता, ते त्रैराशिक मांडून तुम्हीच काढा. (पाचशेच्या वर यायला हवं.) मंगळवारी मोटर विहिरीवर बसली. गव्हाला पाणी मिळालं, पण तीन दिवस उशिरा.

त्या तीन दिवसांचं काकांना फार लागलं. तरी त्यांच्याकडचे सगळे कागद नीट लावू या म्हटल्यावर त्यांचा पहिला जबाब होता, "हात शिकतो, कागद नाही. माह्या उस्तादानं जिंदगीत एक ओळ लिहिली नाही."

"मग त्यांना येत होतं ते आता कोणाला येते, बाबा?" ताईनं विचारलं.

उस्ताद वारले त्याला बरीच वर्षं झाली आहेत. काका गप्प झाले.

त्यावरून मी त्या दोघांना पुढच्या रविवारी मगन संग्रहालयात घेऊन गेलो. वर्ध्यात राहून ते पाहिलं नसेल तर जरूर पाहा, आणि सहलीला सेवाग्रामला आलात तर वाट थोडी वाकडी करा. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठाणं होतं वर्ध्याची मगनवाडी. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली होती. तिथलं हे संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. आत चरखे आहेत, गावच्या कारागिरांची अवजारं आहेत.

नाव ज्यांचं दिलंय ते मगनलाल गांधी म्हणजे गांधीजींचे पुतणे. साबरमती आश्रमातलं कताई-विणाईचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. पण त्यांनी आणखी एक काम केलं, आणि मला तेच दाखवायचं होतं. सूत कातणं हे तोवर घरोघरी बायकांच्या बोटांत होतं. कुणी त्याचं पुस्तक करत नव्हतं. मगनलालजींनी चरख्याचे भाग, त्यांची मापं, सुताची परीक्षा असं सगळं नोंदवून 'चरखाशास्त्र' लिहिलं. १९२४ साली ते छापून निघालं. चारच वर्षांनी, १९२८ मध्ये, मगनलालजी गेले. पुस्तक मागे राहिलं होतं.

मगनवाडीतही हाच रिवाज चालू राहिला. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. मूळचे हिशेबतपासनीस, लंडनला शिकलेले! घाणीचं तेल काढणं, हातकागद करणं अशा एकेका धंद्यावर इथून छोट्या पुस्तिका निघाल्या. हातकागदावरची के. बी. जोशींची, तेलघाणीवरची झवेरभाई पटेलांची. एका गावच्या तेल्याला जे जमतं ते दुसऱ्या गावच्या माणसाला वाचून करता यावं, म्हणून. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर चालणारा 'मगनदीप' नावाचा कंदीलही इथलाच. ताईनं परत येताना एवढंच विचारलं, "म्हणजे हे पण मिस्त्रीच होते ना?" मी म्हटलं, हो. लिहिणारे मिस्त्री.

मग पुढचे चार रविवार आम्ही वर्कशॉपमध्ये बसलो.

पहिल्या दिवशी सगळे कागद अंगणात पोत्यावर ओतले. तुम्ही कधी हे काम केलंत तर एक गोष्ट सांगून ठेवतो: लगेच गठ्ठे करू नका. आधी नुसतं बघा. आमच्या ढिगात निम्मे कागद तर जुन्या कॅलेंडरांचे, दुकानांच्या कार्डांचे आणि कधीच्या दरपत्रकांचे होते. दरपत्रकं फेकायला निघालो, तर काकांनी हात धरला. बेअरिंगच्या दरपत्रकातला भाव शिळा होतो, पण मागच्या पानावरचा मापांचा तक्ता शिळा होत नाही. या बेअरिंगच्या नंबरांत एक गंमत असते. ६२०४, ६२०५, ६२०६ अशा नंबरांचे शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. (०४ पासून पुढेच हा नियम लावा.) तो तक्ता कापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, ओट्याच्या वर भिंतीला लावला. जे रोज दहादा लागतं ते फाइलीत ठेवूच नये, असं माझं मत आहे.

उरलेल्या कागदांचे गठ्ठे कसे करायचे यावर आमचं भांडण झालं. पुतण्याला आकारानं लावायचे होते, मोठे खाली, लहान वर. दिसायला छान! ताई म्हणाली, बिलं एकीकडे, हमीपत्रं एकीकडे, माहितीपुस्तिका एकीकडे. मलाही ते पटलं होतं. पण काकांनी एक साधी गोष्ट विचारली: "ड्रिल मशीन बंद पडली, तं मी काय म्हणीन? 'बिल दे' म्हणीन, का 'ड्रिलचे कागद दे' म्हणीन?"

बस्स, प्रश्न मिटला. माणूस ज्या नावानं हाक मारणार त्याच नावानं कागद ठेवायचा. ड्रिल मशीनचं एक पाकीट. त्यात तिचं बिल, हमीपत्र, पुस्तिका आणि दुरुस्तीच्या तारखांची चिठ्ठी, सगळं एकत्र. गुंडाळी करायच्या यंत्राचं दुसरं. वेल्डिंगचं तिसरं. लग्नपत्रिकांची मोठी पाकिटं उलटी करून चिकटवली की यासाठी फार छान होतात. पाकिटावर नाव मोठ्या अक्षरात, आणि पाकिटं उभी ठेवायची, आडवी रचायची नाहीत. आडव्या थप्पीतलं सगळ्यात खालचं पाकीट कुणी काढत नाही, हे तुमच्या दप्तरातही दिसेल.

विकून टाकलेल्या यंत्रांच्या पुस्तिका काका सोडायला तयार नव्हते. मी फार आग्रह केला नाही. त्यांचं एक वेगळं खोकं करून वर माळ्यावर टाकलं.

सगळ्यात जास्त वेळ डायऱ्यांना लागला. अकरा आणि ती तेलकट, अशा बारा डायऱ्यांतली नोंद न् नोंद ताईनं एका जाड बांधीव रजिस्टरमध्ये उतरवली. तीन रविवार त्यातच गेले. पुतण्या वाचायचा, ती लिहायची, मग ती वाचायची आणि तो जुळवायचा. एका मोटरीला एक ओळ, एका ओळीला एक क्रमांक. वेढे लिहायचे ते आकड्यात आणि अक्षरीसुद्धा. बँकेच्या चेकवर रुपये दोनदा लिहितात ना, तसेच: ४१, एक्केचाळीस. तांब्याचं वजन प्रत्येक ओळीत, न चुकता. ते का, हे आता तुम्हाला सांगायला नको. लिहायला पेन्सिल घेतली, कारण शिशाचं लिखाण तेलानं किंवा पाण्यानं फुटत नाही. फक्त हात घासून पुसट होऊ नये म्हणून जरा दाबून लिहायचं.

रजिस्टरच्या शेवटी सूची केली. तिथे हॉर्सपॉवरप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे क्रमांक सापडतात. आणि मोटर परत जाताना रजिस्टरातला क्रमांक तिच्या बुडाशी रंगानं लिहायचा, नुसतं वर्ष नाही. शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर जी चिठ्ठी असते, तिचं काम हेच. आपल्याकडे ग्रंथालयांची शिस्त बसवणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला एक वाचणाऱ्याचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. त्यांच्या मनात वर्कशॉप नसेलही, पण ओंबीवर आलेल्या गव्हाला तो नियम बरोबर लागू पडतो.

रजिस्टरची झेरॉक्स काढून ती काकांच्या घरी कपाटात ठेवली. वर्कशॉपमध्ये रोजच्या हाताळणीसाठी एक, घरी जपायला एक. मोबाईलवर फोटोही काढले, आणि ते काकूंच्या मोबाईलमध्येसुद्धा पाठवले. टाकी काही एकच मोबाईल गिळते!

रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. भिंतीला टेकलेल्या कागदांना पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवीला वाट मिळते. सगळ्यात खालचा कप्पा रिकामाच ठेवला.

आणि टेबलाचा तो आखूड पाय? काकांनी त्याखाली नीट कापलेला लाकडी ठोकळा ठोकला. पुतण्यानं त्यावर खडूनं लिहिलंय: 'येथे पुस्तक ठेवू नये.'

एक अडचण मात्र अजून आहे. कागद काढून नेणारा तो परत आणत नाही, आणि यात काकाच पहिल्या नंबरावर आहेत. त्यावर ताईनं युक्ती केली. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या कापून रॅकला टांगल्या आहेत. पाकीट काढलं की त्याच्या जागी पट्टी खोचायची आणि तिच्यावर नाव लिहायचं. परवा मी गेलो तेव्हा रॅकमध्ये तीन पट्ट्या होत्या. तिन्हींवर 'बाबा' लिहिलेलं होतं, आणि अक्षर ताईचं होतं.

पाकिटं आणि फाइली चिकटवायला आम्ही बाजारचा गोंद वापरला नाही. पुस्तकं बांधणारे लोक मैद्याची खळ करतात आणि तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे ते हाताळायचं काम मोठ्यांचं. ही खळ कशी शिजवायची आणि जुन्या पुठ्ठ्यांपासून उभी राहणारी फाइल कशी करायची, ते पुढच्या अंकात. तोवर गेल्या वर्षीच्या वह्यांचे पुठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका, आणि ते मिक्सरचं हमीपत्र सापडलं की नाही, ते कळवा.